पेशकारांची करवत आणि दुसरा इसम

नरहरराव आष्टीकरांच्या घरी विजेची करवत येणार, ही बातमी जालन्याच्या कादराबादेत करवतीच्या आधी चार दिवस पोचली. ती कुणी फोडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण मालधक्क्यावरून निघालेली बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा स्वागताला सोळा माणसं उभी होती, आणि खोकं कसं उतरवायचं हे त्यांतल्या पंधरा जणांना पक्कं ठाऊक होतं. सोळावे स्वतः नरहरराव. त्यांना कुणी विचारलं नाही.

खोकं उतरलं. शेजारचे गिरिधर वकील चष्मा पुसत पुढे आले आणि खोक्याच्या अंगावरची इंग्रजी अक्षरं त्यांनी सावकाश वाचली.

"पेशकारसाहेब, 'ही बाजू वर' असं लिहिलंय यावर."

"कोणती बाजू?"

"सध्या जी खाली आहे ती."

नरहरराव अंबडच्या कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं त्यांनी मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, लिहिल्या, त्याही उर्दूत, आणि अशा अक्षरात की दोन मुन्सफांनी त्यांच्या हातचा कागद चौकट करून ठेवला होता. निवृत्त होऊन ते जालन्याला आले आणि वर्षाच्या आतच पत्नी सुहासिनीबाई गेल्या. त्याला आता तीन वर्षं झाली होती. मुलगी रजनी जबलपूरला. तिचं पत्र महिन्याला येई आणि त्यात "बाबा, तब्येतीला जपा" हे वाक्य शेवटून दुसऱ्या ओळीत असे. दिवस मोठे होते. ते लहान करायला नरहररावांनी सुतारकाम हाती घेतलं होतं. त्यांनी पाट केले. जेवणारा एक आणि पाट सात, असं झाल्यावर ते चौरंगांकडे वळले. इतक्यात उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी हातकरवत बंद म्हणून सांगितलं. सुतारकाम बंद करा असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. ही पळवाट नरहररावांनी कोर्टातल्या माणसाच्या नजरेनं हेरली, आणि मुंबईहून मोटारीवर चालणारी, गोल पात्याची, लोखंडी टेबलाची करवत मागवली.

करवतीबरोबर एक पुस्तक आलं. इंग्रजी. त्यात यंत्र सुरक्षितपणे बसवण्याचे नियम होते. नरहररावांचं इंग्रजी सही करण्यापुरतं, तेव्हा वाचन गिरिधर वकिलांकडे आलं. वकिलांनी आयुष्यात कधी खिळा ठोकला नव्हता, पण छापील नियम दिसला की त्यांच्या अंगात चैतन्य येई. तीन संध्याकाळ ते ओसरीवर बसून कायद्याचं पुस्तक वाचावं तसं वाचत राहिले. ऐकायला रोज दहा-बारा माणसं. चहा करता करता चतुराबाईचा जीव मेटाकुटीला आला. चतुराबाई म्हणजे घरचं धुणंभांडं आणि स्वयंपाक करणारी बाई. ती सकाळी दुसऱ्या एका ठिकाणी काम उरकून मग यांच्याकडे येई आणि आलेला राग भांड्यांवर काढी.

"नियम पहिला," वकील म्हणाले, "यंत्र पक्क्या पायावर बोल्टांनी आवळलेलं असलंच पाहिजे. इथं 'शॅल' शब्द आहे, 'मे' न्हाई. 'मे' असता तर मी तुम्हाला सोडवलं असतं."

म्हणून मागच्या पडवीतली शहाबादी फरशी उखडली. ओटा बांधला. तो एका अंगाला झुकला असं वकिलांचं मत पडलं. खात्रीसाठी त्यांनी त्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पेला झुकला नाही, कुणाचा तरी धक्का लागून पडला, आणि ताज्या सिमेंटला त्याचा गोल वण कायमचा राहिला.

नियम चौथा जमिनीत तार पुरण्याचा होता. यंत्राच्या लोखंडात चुकून वीज उतरली तर ती माणसाला न धरता जमिनीत निघून जावी, यासाठी. खड्डा पुरुषभर खोल, त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. नरहररावांनी एका मंगळवारी अंगणात खड्डा खणवला आणि मिठाच्या दोन गोण्या मागवल्या. पलीकडच्या घरातल्या उषाबाईंनी भिंतीवरून हे पाहिलं. खड्डा, कोळसा, मीठ, तांबं आणि मंगळवार! त्यांनी त्याच दुपारी आपल्या दारावर बिब्बा टांगला. संध्याकाळी त्यांचे यजमान येऊन अतिशय नम्रपणे म्हणाले, "आमच्याकडून काही चुकलं असंल तर सांगा पेशकारसाहेब, पण हे काय करून राह्यले तुम्ही?"

नरहररावांनी त्यांना वीज समजावून सांगितली. यजमानांनी ती शांतपणे ऐकून घेतली. बिब्बा राहिलाच.

पात्याचं काम मात्र पुंजाराम सुतारानं केलं. परतूरच्या लाकडाच्या वखारीत त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, त्यामुळे या विषयावर तो बोलू लागला की वकीलही गप्प होत. त्यानं पात्यावर लोखंडी टोपण बसवलं, पट्ट्याभोवती जाळी ठोकली, आणि पात्याच्या पाठीमागे एक पातळ पट्टी उभी केली.

"ही कशाला?"

"चिरलेलं लाकूड मागं मिटतं साहेब. मिटलं की पात्याला आवळतं, अन् पातं मंग फळी उचलून तुमच्या छातीवर फेकतं. ही पट्टी त्याला मिटू देत न्हाई." मग त्यानं एक हातभर लांबीची खाच पाडलेली काठी नरहररावांच्या हाती दिली. "शेवटची वीतभर फळी ह्या काठीनं ढकलायची. हातानं न्हाई. मला कुणी काठी दिली न्हवती."

पुंजाराम हे सगळं अगदी सरळ आवाजात बोलला.

असे दहा नियम पार पडले. त्या दीड महिन्यात नरहररावांचं घर एखाद्या लग्नघरासारखं गजबजलेलं होतं. खांद्याचं दुखणं ते विसरले. रजनीला त्यांनी चार पानी पत्र लिहिलं, त्यात मिठाच्या गोण्यांवरच एक पान.

आणि मग वकिलांनी अकरावा नियम वाचला.

"यंत्र चालवणाऱ्यानं एकट्यानं कधीही काम करू नये. काम चालू असताना दुसरा एक इसम हाकेच्या अंतरावर हजर असलाच पाहिजे." वकिलांनी चष्मा वर केला. "'शॅल'."

"हात्तिच्या, एवढंच ना?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. नरहररावही हसले.

एवढंच नव्हतं. वीज कचेरीच्या अर्जातही तेच कलम निघालं. या अर्जाची कथा वेगळीच. नरहररावांनी तो पहिल्यांदा पाठवला तो जुन्या हैदराबादी नमुन्यावर. तो गेला हैदराबादला. तिथून "आता आमचा संबंध नाही" असा शेरा घेऊन आला. राज्य बदलून दीड वर्ष झालं होतं, पण नमुना बदलल्याचं पेशकारांना कुणी कळवलं नव्हतं. दुसरा अर्ज औरंगाबादला गेला आणि सही निळ्या शाईत हवी म्हणून परत आला. आता तिसरा कोरा अर्ज समोर होता, आणि त्याच्या चौदाव्या रकान्यात विचारलं होतं : 'हाकेच्या अंतरावर हजर राहणाऱ्या दुसऱ्या इसमाचे नाव.'

नरहररावांनी पहिल्यांदा वकिलांना विचारलं.

"मी?" वकील दचकले. "पेशकारसाहेब, उद्या तुमचं बोट गेलं तर मी साक्षीदार ठरतो. वकिलानं साक्षीदार व्हायचं न्हाई, हे तुम्हीच मला शिकवलंय." आपण असं काही शिकवल्याचं नरहररावांना आठवत नव्हतं.

पुंजारामला विचारलं. तो म्हणाला, "आलो असतो साहेब, पण त्या पात्याचा आवाज माझ्यानं ऐकवत न्हाई. बसवून दिलं, बस."

उषाबाईंचे यजमान म्हणाले की ते स्वतः केव्हाही तयार आहेत, पण घरातून परवानगी नाही. चतुराबाई म्हणाली, "अण्णा, मी एक तास येते. त्यात पोळ्या करू का तुमचं बोट सांभाळू?" रजनीचं पत्र आलं : करवत परत करा आणि इकडे राहायला या. नरहररावांनी ते दोनदा वाचून घडी घातली.

बत्तीस वर्षं कोर्टात शिपायाकडून माणसांची नावं पुकारून घेतलेला हा माणूस. नाव पुकारलं की कुणीतरी हजर होतं, हाच त्यांचा जन्माचा अनुभव. आता एका दुपारी ते अर्ज पुढ्यात घेऊन बसले. बाकी सगळे रकाने सुरेख भरलेले. चौदावा रिकामा. रिकामा रकाना ही गोष्ट पेशकार माणसाला अंगावरच्या सदऱ्याला पडलेल्या भोकासारखी वाटते. त्यांनी दौतीत टाक बुडवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि लिहिलं : सौ. सुहासिनी नरहर आष्टीकर.

शाई वाळायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की आयुष्यातली पहिली खोटी नोंद आपण केली आहे. अर्ज फाडायला हवा होता. पण नाव इतकं छान उमटलं होतं! त्यांनी अर्ज पाकिटात घातला.

आणि सरकारनं, ज्यानं निळ्या शाईवरून अर्ज परत केला होता त्याच सरकारनं, हा अर्ज बारा दिवसांत मंजूर केला. 'श्रीमती सुहासिनी आष्टीकर या हाकेच्या अंतरावर हजर राहतील या अटीवर जोडणी देण्यात येत आहे. तपासणीस जातीने येऊन खात्री करतील.'

वकिलांनी कागद वाचला आणि चष्मा पुसून तोडगा काढला. "वहिनी माहेरी गेल्यात म्हणा."

"वकीलसाहेब!"

"बरं, न्हाई म्हणत."

चतुराबाई दाराआडून ऐकत होती. "अण्णा, मी उभी राह्यते पदर पुढं घेऊन. सायबाला काय कळतंय?"

"बिलकुल न्हाई," नरहरराव म्हणाले. "मी खरं तेच सांगणार."

सांगणार म्हणाले खरं, पण तपासणीचा दिवस उजाडेपर्यंत त्यांचं वजन दोन शेरांनी उतरलं असेल.

तपासणीस सायकलवरून आले. मिर्झा यावर बेग. पन्नाशी ओलांडलेले, पांढरी आखूड दाढी, घोट्याशी पायजम्याला चिमट लावलेली. पडवीत वकील, पुंजाराम आणि आणखी दहा जण दाटीवाटीनं उभे होते. मिर्झासाहेबांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी खड्डा पाहिला, तार पाहिली, बोल्ट हलवून पाहिले, टोपण उचलून पाहिलं. "बराबर. बहोत बराबर," ते पुटपुटले. मग मुख्य खटका खाली ओढला.

मोटार गुरगुरली, पातं फिरू लागलं. पुंजाराम ओरडला, "बंद! बंद करा! दात उलटे फिरून राह्यले!"

खरंच, पातं उलट्या दिशेनं फिरत होतं. गर्दी दोन पावलं मागे सरली. वकील चार. मिर्झासाहेबांनी खटका बंद केला, तीन तारांतल्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या, पुन्हा खटका ओढला. पातं सुलटं फिरलं, एक स्वच्छ सूर धरून. नरहररावांना वाटलं, संपलं.

मिर्झासाहेबांनी अर्जाचा कागद काढला. "आता रकाना चौदा. बाईसाहेबांना बाहेर बोलवायची जरूरत न्हाई. मशीन चालू हैच. तुम्ही फक्त हाक मारा. आतून जवाब आला की मी निशाणी करतो."

सांगायची वेळ हीच होती. नरहररावांनी तोंड उघडलंही. पण पडवीतले बारा चेहरे त्यांच्याकडे पाहत होते, पातं फिरत होतं, आणि तोंडातून निघाली ती हाकच. बायकोला त्यांनी तिच्या नावानं कधी बोलावलं नव्हतं. तेहतीस वर्षं जे म्हणत आले तेच, स्वयंपाकघराकडे तोंड करून, यंत्राच्या वर आवाज काढून ते म्हणाले :

"ऐकलं का?"

वकिलांनी छताकडे पाहिलं. पुंजारामनं मान खाली घातली.

आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "ओ!"

नरहररावांच्या हातातली काठी खाली पडली. एक क्षणभर, फार तर दोन, मधली तीन वर्षं कुणी उचलून बाजूला ठेवावीत तसं झालं. त्यांनी दाराकडे एक पाऊलसुद्धा टाकलं. 'चहा टाका, पाहुणे आलेत,' हे पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं.

मिर्झासाहेबांची पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली. त्यांनी खटका बंद केला. यंत्र शांत झालं.

"ये आवाज तो मेरी पहचान की है," ते म्हणाले. मग आत पाहून, "चतुराबाई?"

आतून त्याच बारीक आवाजात उत्तर आलं, "न्हाई!"

हसू आवरायला पुंजाराम अंगणात गेला. चतुराबाई कपाळापर्यंत पदर ओढून दारात आली. "साहेब, रागावू नका. सकाळी तुमच्या भाकरी टाकूनच आल्ते मी." ती सकाळी काम करी ती जागा म्हणजे मिर्झासाहेबांचं बिऱ्हाड, हे नरहररावांना तेव्हा कळलं.

"मिर्झासाहेब," नरहरराव म्हणाले, "नोंद खोटी आहे. मी केली."

"माझे अशील या टप्प्यावर काही बोलू इच्छित न्हाईत," वकील घाईनं पुढे आले.

"वकीलसाहेब, गप्प बसा."

वकील बसले. खरोखरच, जवळच्या चौरंगावर.

"कधी?" मिर्झासाहेबांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली. फाल्गुनात."

"तो फिर ये नाम कायकू लिख्या?"

नरहररावांनी विचार केला. कोर्टात असतं तर वेळ मागून घेतला असता. "दुसरं आठवलं न्हाई," ते म्हणाले.

मिर्झासाहेबांनी कागद आणि पेन नरहररावांपुढे धरलं. "नाव रद्द करावं लागेल. मेरे हात से नै होता. तुम्हीच काटा."

नरहररावांनी कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे एकच सरळ रेघ ओढली, खालचं नाव वाचता यावं अशी, आणि बाजूला आद्याक्षरं घातली. मिर्झासाहेबांनी मुख्य खटक्याला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं. रकाना भरेपर्यंत यंत्र बंद. अर्ज नरहररावांकडेच ठेवून ते सायकलवर बसून गेले.

त्यानंतर गर्दी ओसरली ती परत आली नाही. येणार तरी कशाला? ओटा झाला होता, खड्डा बुजला होता, सल्ला द्यायला काही उरलं नव्हतं. वकिलांना एक दिवाणी दावा मिळाला. उषाबाईंनी बिब्बा काढला. नरहरराव रोज सकाळी करवतीवरची धूळ पुसत, बोल्टांना तेलाचा थेंब देत, पट्टा ताणलेला आहे की नाही ते बोटानं दाबून बघत. दहा नियमांप्रमाणे जालन्यात तिच्याइतकं सुरक्षित यंत्र नव्हतं. चतुराबाई पोळ्या करून, "झाकून ठेवल्यात, अण्णा," म्हणून जाई. मग घरात भिंतीवरचं घड्याळ आणि ते. रजनीला त्यांनी लिहिलं, "करवत उत्तम बसली आहे. काळजी नसावी." पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून हवामान लिहिलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दारात सायकलची घंटी वाजली. मिर्झासाहेब होते. हातात फाईल नव्हती. बगलेत उर्दू वर्तमानपत्र आणि खिशात पकड.

"अफसराचं नाव चौदाव्या रकान्यात चालत न्हाई, असं कुठं लिखेला नै," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "मैंने तीन दफा पढ़ा. इतवार कू मैं खाली रहता. सब इतवार कू." मग वर्तमानपत्र दुसऱ्या बगलेत घेत, "माझी दोघं मुलं अठ्ठेचाळीस साली कराचीला गेली. खत तीन महिन्यांनी येतं. चतुराबाई भाकरी झाकून जाते."

"माझ्याकडं पोळ्या," नरहरराव म्हणाले.

त्यांनी दौत काढली. अर्जावर, रेघ ओढलेल्या नावाच्या खाली, जेमतेम बोटभर जागा होती. नरहररावांनी मिर्झासाहेबांचं पूर्ण नाव तिथं उर्दूत लिहिलं, आपल्या कोर्टातल्या हातानं, एकही नुक्त्याचा ठिपका इकडचा तिकडे न होता. मिर्झासाहेबांनी कागद उजेडात धरला.

"हैदराबाद से यहां आने के बाद मेरा नाम किसीने ऐसा नै लिख्या," ते म्हणाले. नाव तरी ठीक वाचलं की नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

सील तुटलं. मिर्झासाहेब ओसरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडून बसले. नरहररावांनी पडवीत जाऊन खटका ओढला, सागाची फळी टेबलावर ठेवली, टोपण खाली केलं. पात्यानं फळी अशी सहज चिरली की खांद्याला कळलंसुद्धा नाही. शेवटची वीत काठीनं ढकलली. दुसरी फळी घेतली. भुसा मिशांवर बसला. ताज्या सागाचा वास पडवीभर झाला.

तिसरी फळी अर्ध्यावर असताना त्यांनी यंत्र बंद केलं. पातं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ओसरीकडे तोंड करून हाक मारली :

"मिर्झासाहेब!"

"जी?" लगेच उत्तर आलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "क्या हुआ? बोट तर न्हाई ना?"

"न्हाई, न्हाई. बसा तुम्ही," नरहरराव म्हणाले. "काही न्हाई. हाक पोचते का, ते बघून राह्यलो."

थोडा वेळ वर्तमानपत्राची पानं वाजली.

"पोचते," मिर्झासाहेब म्हणाले. "बराबर पोचते. थोड्या वेळानं फिरून एकदा मारा."